चेंबरचा नट पहिल्यांदा घसरला, तिथेच थांबायला हवं होतं

वाडीच्या गॅरेजात लागून मला सात महिने झाले होते. आयटीआयची मोटार मेकॅनिकची दोन वर्षं पूर्ण झालेली, ऑइल बदलणं तर मला येतंच, असा विश्वास होता. मे महिना, वर तापलेला पत्रा. एका सरांची जुनी गाडी आली होती आणि त्यांना संध्याकाळी वर्ध्याला निघायचं होतं. उस्ताद जेवायला गेलेले. मी गाडी उचलली, खाली घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्या, मागच्या चाकांना ठोकळे दिले, खाली सरकलो. चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, त्याचा नट काढला की जुनं ऑइल बाहेर येतं. १७ नंबरचा रिंग पाना त्या नटावर बसवून ओढला. हलला नाही. अजून जोर लावला. टक् आवाज झाला, पाना सुटला आणि बोटांची सालं निघाली.

त्या आवाजापर्यंत नट शाबूत होता. बिघडवला मी त्यानंतर. पान्यात पाइप घातला, पुन्हा ओढला, पुन्हा घसरला. चौथ्या वेळी नटाचे सहाही कोपरे गोल झाले होते.

हे नीट समजून घ्या, कारण नवी पोरं इथेच अडकतात. आपल्या रिंग पान्याला आतून बारा खाचा असतात आणि नटाला कोपरे सहा. म्हणजे पाना नटाला फक्त कोपऱ्याजवळ धरतो, सगळा जोर त्या बारीक कडेवर येतो. सहा कोनी गोटी (दांड्यावर चढवायचा सॉकेट) नटाच्या सपाट बाजूंवर बसते, जोर पसरतो. पाना झिजलेला असेल, नटाच्या डोक्यावर चिखल वाळलेला असेल, किंवा जागा अडचणीची म्हणून पाना तिरपा, अर्धाच बसला असेल, तर कड आधी वाकते आणि मग सोलून निघते. एकदा सोललेली कड परत येत नाही. दुसऱ्या प्रयत्नाला तुमच्याकडे पहिल्यापेक्षा कमी लोखंड असतं, तिसऱ्याला त्याहून कमी. म्हणून पाना एकदा जरी घसरला तरी हात मागे घ्या. गाडीखालून बाहेर या. पाणी प्या. तोच पाना त्याच नटावर पुन्हा लावायचा नाही, कुणीही उभं राहून घाई करत असलं तरी.

आता दिशा. जमिनीवर पडून वर बघताना डोकं फिरतं, आणि घट्ट नट अजून घट्ट करणारे मी पाहिले आहेत. नटाचं डोकं तुमच्या तोंडासमोर आहे असं धरा. त्याच्याकडे बघत घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतो. नट चेंबरच्या बाजूला किंवा मागच्या तोंडाला असला तरी हाच नियम. आणि तो इंजिनच्याच चेंबरचा आहे ना, हेही बघा. गिअरबॉक्सचा नट जवळच असतो.

नट अडकतो कशानं? गंजानं क्वचितच, आतले आटे तर सदा तेलातच असतात. म्हणून वरून स्प्रे मारून तासभर वाट बघणं माझ्या मते वेळेची नासाडी आहे. बहुतेक वेळा आधीच्या कुणीतरी एअर गननं किंवा लांब पाइपानं आवळलेला असतो, जुनाच वॉशर पुन्हा लावलेला असतो. लहान गाड्यांच्या, आट्यांची जाडी १४ मिलिमीटर असलेल्या नटाला आवळायला साधारण ३५ ते ४० न्यूटन मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) पुरतात. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या दांड्यावर बारा-तेरा किलोची ओढ. मीटरभर पाइप लावला की तीच ओढ तिपटीहून जास्त होते आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

उपयोगी पडते ती ऊब. इंजिन थोडं चालवा, मग बंद करून हात लावता येईल इतकं निवू द्या. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, पकड सैल होते. पण गॅसची ज्योत चेंबरखाली न्यायची नाही. कधीच नाही.

उस्ताद आले, खाली वाकून बघितलं. ओरडले नाहीत. "काऊन बे, एकदा घसरला तं हात काढाचा ना. आता घाई नको करू, नाही तं चेंबर जाईन." मग कानस घेऊन नटाच्या सहाही बाजू १६ नंबरच्या मापाला घासत बसले. वीसेक मिनिटं लागली. १६ ची सहा कोनी गोटी हातोडीनं ठोकून घट्ट बसवली, आखूड दांडा लावला आणि मला म्हणाले, "आता तू मार." सावकाश ओढायचं नाही, दांड्यावर तळहातानं एकच झटका. सुटला.

बिघडवलेलं काम त्याच पोराकडून पुरं करून घेणारा उस्ताद मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी तिथेच राहा, हे माझं ठाम मत. "पाइप लाव, होते" एवढंच शिकवणाऱ्याजवळ वर्षभर राहून हातच खराब होतो.

कानशीनं जमलं नाही तर छन्नीनं कडेवर तिरपा ठोका देऊन फिरवता येतो. तेही नाही जमलं तर त्यावर दुसरा नट वेल्ड करतात, पण ते जाणत्या माणसाचं काम आहे, पहिल्या वर्षी हात लावू नका. आणि घाबरूही नका. आटे गेले तर नवे पाडता येतात, फारच झालं तर चेंबर बदलतो. इंजिन मरत नाही.

त्या दिवशी आम्ही नवा नट, नवा वॉशर लावला. नट आधी बोटांनी पूर्ण आत घेतला, मग टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं, आवळला. ऑइल भरून इंजिन दोन मिनिटं चालवलं, मी खाली जाऊन टॉर्चनं बघितलं, कोरडं होतं. सर सातला निघाले. पुढच्या ऑइलला तीच गाडी आली तेव्हा उस्तादांनी दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही, गोटी माझ्या हातात दिली.