बीटीआरएफएसमध्ये खरी मोकळी जागा किती?

वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क जोडून बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइलसिस्टीमचा रेड-१ (डेटाची दुहेरी साठवण) केलाय? मग एकूण जागेला दोनने भागून मोकळे होऊ नका. इथे प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर जातात. सर्वांत मोठी डिस्क वगळून बाकीच्यांची बेरीज करा. ती बेरीज आणि एकूण जागेचा अर्धा भाग, यांतला लहान आकडा तुमचा. ४, २ आणि १ टीबी असतील तर साडेतीन नव्हे, ३ टीबीच हाती लागतात. मोठ्या डिस्कवरचा १ टीबी जोडीदाराविना पडून राहतो.

चालू मशीनवर मोकळी जागा दाखवणाऱ्या नुसत्या ‘डीएफ’ कमांडवर विसंबू नका. रूट (प्रशासक) म्हणून ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टीम यूसेज’ ही कमांड चालवा आणि प्रत्येक डिस्कपुढचा ‘अनअलोकेटेड’ (अजून कशालाही न वाटलेल्या जागेचा) आकडा बघा. अशी जागा एकाच डिस्कवर उरली असेल आणि मेटाडेटाची (फाइलींबद्दलच्या नोंदींची) जागाही भरत आली असेल, तर जागा दिसत असूनही लिहिणं अडतं.