अंगावर पाजताना अक्कलदाढ काढताय? या चुका टाळा

दाढ काढायला येणाऱ्या बाळंतिणींपैकी बऱ्याच जणींच्या घरी आदल्या रात्रीच ठरलेलं असतं: दोन दिवस बाळाला डब्याचं दूध, आणि आईचं दूध पिळून बेसिनमध्ये. सगळ्यांत जास्त नुकसान हीच चूक करते. बधिर करायच्या इंजेक्शनातलं लिग्नोकेन दुधात अगदी नगण्य उतरतं. जबडा बधिर असतानाही बाळाला पाजता येतं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अमॉक्सिसिलिन ही तिन्ही औषधं पाजणाऱ्या आईला चालतात.

कासारवडवलीची एक मुलगी माझ्या नौपाड्यातल्या दवाखान्यात खालची आडवी दाढ काढून गेली. बाळ चार महिन्यांचं. घरी सासूबाई म्हणाल्या, औषधाचं दूध नको. बाळ बाटलीला तोंड लावेना, रात्रभर रडलं. हिने दुखण्याची गोळीही सोडली आणि ठणका सोसत बसली. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. दाढेत पू झाला असं समजून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रिक्षाने आली. टाके स्वच्छ, जखम छान भरत होती. मी विचारलं, "छाती दुखतेय का गं?" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. डाव्या बाजूला लाल, गरम, दगडासारखी गाठ. दूध तुंबलं होतं. तिला लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं आणि बाळाला पुन्हा अंगावर घ्यायला लावलं.

तेव्हापासून बाळंतिणीला मी सकाळची पहिली वेळ देते. दवाखान्यातच बाळाला पाजायचं, मग खुर्चीत बसायचं. सोबतच्या आजींना आत बोलावून औषधांची नावं त्यांच्यासमोरच सांगते. घरी गोळी घ्यायची ती पाजून झाल्या झाल्या. रात्री आडवं होऊन पाजू नका, उशीला टेकून बसा आणि बाळाचं डोकं दुखऱ्या गालापासून लांब ठेवा. टाक्यांवर बाळाची एक टक्कर बसली तरी जीव कळवळतो.

मेडिकलवाल्याकडून 'स्ट्राँग' गोळी आणणं मला अजिबात खपत नाही. पॅरासिटामॉलच्या जोडीला ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या मिळतात. ट्रामाडॉल किंवा कोडीन दुधातून गेलं तर बाळाला गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. नवऱ्याच्या जुन्या औषधांतली गोळीही नको. पट्टीवरचं बारीक अक्षर वाचा. अ‍ॅस्पिरिनही टाळा.

आता दाढ काढल्यावर उरलेल्या खड्ड्याबद्दल. तिथे धरलेली रक्ताची गुठळी हीच जखमेची खपली. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरली, थुंकलं, स्ट्रॉने शहाळं ओढलं की ती निघते आणि हाड उघडं पडतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका आणि तोंडाला घाण वास. अशा वेळी लवंग कोंबत बसू नका, दवाखान्यात या. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली की बहुतेकींना लवकर आराम पडतो.

बाळंतिणीच्या ताटातले अळीव, खसखस, बाळंतशोपा काही दिवस बंद. अळीव फुगून खड्ड्यात बसतो आणि काढताना रडवतो. डिंकाचा लाडू नंतर. पण उपाशीही राहू नका, पाजणाऱ्या आईला दिवसाला साधारण 500 कॅलरी जास्तच लागतात. गुरगुट्या भात आणि तूप, मुगाचं कढण, गार केलेली नाचणीची आंबील, दही, सगळं चमच्याने. बरं वाटलं म्हणून तिसऱ्याच दिवशी मामलेदारची मिसळ खाऊन येणाऱ्याही असतात. दोन दिवस कळ काढायला काय जातं?

जखमेवर ठेवलेला कापूस दर पाच मिनिटांनी काढून बघू नका, पाऊण तास घट्ट चावून धरा. बर्फ पहिल्या दिवशी, गालावर बाहेरून. मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या 24 तासांनंतर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त दिसते, तिला घाबरू नका. मात्र त्यानंतरही रक्त येत असेल आणि पुन्हा अर्धा तास कापूस दाबूनही थांबत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच फोन करा.