लॉर्ड ऑफ द रिंग्ज पुस्तक संपल्यावर रडू येतंय? मग हे करा

(पुढे स्पॉयलर आहेत.) अंगठी नष्ट झाली की संपलं असं वाटतं पण त्यानंतर अजून 6 प्रकरणं आहेत, ती सावकाश वाचा, रोज एकच वाचलं तरी चालेल, कारण फिल्ममध्ये न दाखवलेली शायरची (हॉबिट लोकांच्या मुलखाची) वाताहत तिथेच आहे. शेवटचं प्रकरण सुट्टीच्या दिवशी सकाळी वाचा, रात्री नको, झोप लागत नाही खरंच.

जिवलग सोबती सॅमला सोडून शेवटी समुद्रापार गेला म्हणून नायक फ्रोडोचा राग आला, तर त्याची खांद्याची जखम 6 ऑक्टोबरला परत उसळते ते भाग पुन्हा काढून वाचा. राग जातो. दुःख राहतं, राहू द्या.

आणि प्लीज पुस्तक लगेच कपाटात ठेवू नका! मागची परिशिष्टं बरेच जण सोडून देतात. परिशिष्ट बी मध्ये सनावळी आहे, त्यात शायरच्या कालगणनेतल्या 1482 साली बायको रोझी वारल्यावर म्हातारा सॅमही समुद्रापार गेला असं म्हणतात अशी नोंद आहे, मला सगळ्यात जास्त धीर त्या नोंदीनेच दिला. राजा आरागॉर्न आणि त्याची राणी आर्वेन यांचं पुढे काय झालं ते परिशिष्ट ए मध्ये आहे, पण ते त्याच दिवशी नको, ते अजून रडवतं.