वाचनालयातील सभासद-सर्वेक्षणाची पूर्वतयारी

सभासदांना कोणती सेवा किती महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल ते किती समाधानी आहेत, हे वाचनालयाला जाणून घ्यायचे असेल, तर प्रश्नावली छापायला देण्यापूर्वी कार्यकारी मंडळाने आपल्या हातात काय बदलणे आहे ते आधी ठरवून घ्यावे. जी गोष्ट बदलण्याची तयारी किंवा ऐपत नाही, तिच्याविषयी विचारून सभासदांच्या अपेक्षा उगाच वाढवू नयेत.

त्यानंतर देवघेव विभागात चार-पाच संध्याकाळी बसून सभासद काय बोलतात ते टिपून घ्यावे आणि त्यातून दहा-बारा बाबी त्यांच्याच शब्दांत लिहाव्यात: मागितलेले पुस्तक लवकर मिळणे, दिवाळी अंक वेळेवर हाती येणे, वाचनकक्षातील शांतता, संध्याकाळी उघडे राहण्याची वेळ, स्वच्छतागृह. एका बाबीत एकच गोष्ट असावी; ‘पुस्तके व कर्मचारी’ असे जोडून विचारले, तर आलेले उत्तर नेमके कशाचे, हे कळायला मार्ग उरत नाही.

प्रत्येक बाबीला 1 ते 5 असे गुण दोनदा मागावेत, एकदा महत्त्वासाठी आणि एकदा समाधानासाठी. मार्टिला आणि जेम्स या दोन अभ्यासकांनी 1977 मध्ये महत्त्व आणि कामगिरी ताडून पाहण्याची ही पद्धत मांडली, तेव्हा महत्त्वाविषयीचे सगळे प्रश्न आधी आणि कामगिरीचे (म्हणजे येथे समाधानाचे) नंतर, वेगळ्या भागात ठेवण्याची सूचना केली होती. ती जरूर पाळावी, कारण दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी आले की पहिल्या आकड्याची छाया दुसऱ्यावर पडते. समाधानाच्या भागात ‘वापर केला नाही’ असाही पर्याय हवा, नाहीतर बालविभागात कधीच न गेलेला सभासद सवयीने 3 वर खूण करील.

वर्गणी भरणे थांबवलेल्या सभासदांनाही प्रश्नावली पाठवता यावी म्हणून त्यांची यादी काढून ठेवावी. माझ्या मते हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण जे नाराज होऊन गेले ते वाचनालयात ठेवलेल्या उत्तरांच्या पेटीपर्यंत येणारच नाहीत. नाव विचारू नये, आणि भरलेला कागद कर्मचाऱ्याच्या हाती न देता बंद पेटीत टाकण्याची सोय करावी. छपाईआधी दहाएक जणांकडून प्रश्नावली समोर बसून भरून घ्यावी. कुठे थबकतात ते पाहावे आणि तेथील वाक्य बदलावे.

आकडे कसे मांडायचे तेही आधीच ठरवावे. कागदावर उभ्या अक्षावर महत्त्व आणि आडव्या अक्षावर समाधान घेऊन प्रत्येक बाबीचा बिंदू काढला की चार चौकोन मिळतात. समजा, संध्याकाळच्या वेळेला महत्त्वाचे सरासरी गुण 4.6 आणि समाधानाचे 2.4 मिळाले, तर पहिले काम तिथेच आहे. प्रवेशद्वाराच्या सजावटीला अनुक्रमे 2.1 आणि 4.5 मिळाले, तर तेथील खर्च दुसरीकडे वळवता येईल का, याचा विचार करावा. मात्र बहुतेक लोक जवळजवळ प्रत्येक गोष्टीला ‘महत्त्वाची’ म्हणतात, म्हणून चौकोन पाडणाऱ्या रेषा सरळ 3 वर न काढता सर्व बाबींच्या सरासरीवर काढाव्यात.

वय आणि वाचनालयात येण्याचे कारण, एवढी दोनच माहितीची घरे ठेवावीत आणि गटांचे आकडे वेगळे पाहावेत. स्पर्धा परीक्षेसाठी दिवसभर बसणारा विद्यार्थी आणि आठवड्याला कादंबरी बदलून नेणाऱ्या आजी यांची सरासरी काढली, तर ती दोघांपैकी कोणाचीच नसते. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठीचा उतार थोड्यांनाच लागतो, त्यामुळे त्याचे सरासरी महत्त्व कमी दिसेल, पण त्या आकड्यावरून उताराबाबतचा निर्णय मुळीच घेऊ नये.

निकाल सूचनाफलकावर कधी लावायचा, ती तारीख प्रश्नावलीवरच छापावी, आणि पुढच्या वर्षी तुलना करता यावी म्हणून बाबींची मूळ शब्दरचना आणि गुणांची पट्टी दप्तरात जपून ठेवावी.