सोलापुरात छोटं कुत्रं पाळायचंय? आणायच्या आधीची तयारी

आमच्या आधीच्या लासा अप्सो कुत्रीला गोचीड ताप, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार, झाला तेव्हा घरात पट्टा, बाऊल, खेळणी, शाम्पू सगळं होतं, फक्त गोचिडीचं औषध नव्हतं. ती वाचली, पण महिनाभर गोळ्या आणि सारखं रक्त तपासणं, कुणावर ही वेळ येऊ नये. म्हणून लिहितोय.

आधी जात ठरवा. फोटो बघून नाही, एप्रिल-मेचं ऊन बघून. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि पगचं नाक इतकं चपटं की नीट धापही टाकता येत नाही. शिह त्झूचंही थोडंफार तेच. घरात कूलर किंवा एसी नसेल, दुपारी घराला कुलूप असेल, तर पग आणूच नका, स्पष्ट सांगतो. पॉमेरियन म्हणून आपल्याकडे जे विकतात ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतं, ते इथं बरं निभावतं, फक्त उन्हाळ्यात त्याचे केस कातडीपर्यंत काढू नका, पुन्हा नीट येतीलच असं नाही आणि ऊन थेट कातडीला लागतं. डॅशहुंड घेणार असाल तर जिना बघा, लांब पाठीला उड्या आणि पायऱ्या सोसत नाहीत.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घेऊ नका, कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार तसं विकताच येत नाही. विकणारा म्हणेल लवकर न्या म्हणजे लळा लागेल, ऐकू नका. आई दाखवा म्हणा. दाखवत नसेल तर उठून या.

आता गोचीड. पिल्लू घरी यायच्या आधी डॉक्टरकडं जा आणि विचारा की या वयाला, या वजनाला कुठलं औषध चालेल. वजनाला, हे महत्त्वाचं. शेजारच्या लॅब्राडोरचं उरलेलं औषध तीन किलोच्या पिल्लाला लावायचं नाही, जीव जाईल. रॉकेल, फिनेल असलं काही लावायचं नाही. थेंबांचं औषध असेल तर दोन खांद्यांच्या मधे केस बाजूला करून कातडीवर, केसांवर नाही, आणि आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा. आत्ता लिहा.

औषध दिलं म्हणून बघायचं सोडू नका. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी बोट फिरवा. लांब केसांत दिसत नाही, हाताला लागते. रक्त प्यायलेली गोचीड एरंडाच्या बीएवढी फुगते, पण तोवर उशीर झालेला असतो. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, गोचीड पोट भरलं की खाली पडते, भिंतीच्या फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते, म्हणजे नुसतं कुत्रं साफ करून उपयोग नाही. पिल्लू यायच्या आधी फटी बुजवा, कोपरे झाडा. अंथरायला जुनी सोलापुरी चादर मस्तच, पण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात टाका. पाणी रोज येत नाही हे मान्य, तरी धुवा.

खाणं बंद, अंग गरम, हिरड्या पांढऱ्या, पोटावर लाल-जांभळे ठिपके, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. उद्या बघू म्हणू नका. छोट्या कुत्र्याच्या अंगात रक्त असतं किती ओ.

लसी: सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. तोवर रस्त्यावर सोडायचं नाही, पार्व्हो या विषाणूच्या आजारानं पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. जंताचं औषध डॉक्टर देतीलच.

खाण्याचं: पिल्लाला दिवसातनं तीन-चार वेळा थोडं थोडं, उपाशी राहिलं तर साखर कमी होऊन ते गळून पडतं. आपल्या ताटातलं नाही. शेंगाचटणीत लसूण असतो, भाजीत कांदा, दोन्ही कुत्र्याला विष. द्राक्षं आणि बेदाणेसुद्धा, मूत्रपिंडं बंद पडतात, आणि आपल्याकडे बेदाणे घरोघरी वाटीत उघडे पडलेले असतात. वर ठेवा. लहान पोरांना बजावून सांगा.

गळ्याला पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या, श्वासनळी नाजूक असते. फिरायला पहाटे नाहीतर दिवे लागल्यावर, डांबराला हात लावून बघा आधी. फिरून आलं की बोटांच्या बेचक्यात बघा. हो, परत तेच, गवतात गेलं असेल तर दोनदा बघा.

बाकी दात घासा, दुधाचे दात अडकले तर दाखवा, नखं, नसबंदी डॉक्टरशी बोलून. रात्री फोन उचलणारा डॉक्टर आधीच शोधा. दुपारी लाईट गेली तर बघायला कोण, ते ठरवा. आणि गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दारूकामाला छोटी कुत्री फार घाबरतात, खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवा, फारच थरथरत असेल तर काय द्यायचं ते डॉक्टरांना डिसेंबरातच विचारून घ्या.