ॲपवरचं भाडं फक्त तुम्हालाच जास्त दिसतंय का? तपासायचं कसं आणि तक्रार करायची कशी

बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी ठाण्यातल्या एका वाचनालयात ग्राहक मार्गदर्शनाला बसते. पूर्वी लोक बिल्डरचे करारनामे नाहीतर बंद पडलेल्या फ्रीजची पावती घेऊन यायचे. हल्ली टेबलावर ओला-ऊबरसारखं टॅक्सी-रिक्षाचं ॲप उघडलेले दोन मोबाइल शेजारी शेजारी येतात आणि प्रश्न येतो, "मॅडम, जायचं एकाच ठिकाणी, मग हिला २१४ आणि मला २५१ का?"

या प्रश्नाला नीट उत्तर मिळवायचं तर रागाच्या भरात काढलेला एक स्क्रीनशॉट पुरत नाही. काय करावं लागतं ते सविस्तर लिहिते.

कुठला फरक चालतो, कुठला नाही

दर बदलला म्हणजे लबाडीच झाली, असं धरून चालू नका. राजधानी, दुरांतो आणि शताब्दीत सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आहे. दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी चढतं आणि १.४ पटीवर थांबतं. तिकीट महाग पडतं, पण नियम सगळ्यांना माहीत असतो आणि त्या क्षणी खिडकीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला तोच दर लागतो. माणूस बघून दर ठरवणंही दर वेळी वाईट नसतं. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. कोणाला, किती आणि का, हे सगळं जाहीर आहे.

माझी कसोटी साधी आहे. दर ठरवायचा नियम दुकानाच्या दारावर पाटी करून लावता येईल का? "पावसात गाड्या कमी, म्हणून भाडं जास्त" ही पाटी लावता येते. "आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्याकडून जास्त घेऊ, कारण त्याला जावंच लागतं" ही पाटी कोणी लावेल का? जो नियम उघड सांगायची लाज वाटते, तो ॲपच्या आत लपवून वापरणं अन्याय आहे, मग रक्कम ३७ रुपये असो की ३७०.

आणि आपली गरज ॲपला कळू शकते, यात शंका नको. २०१६ साली ऊबरच्या आर्थिक संशोधन प्रमुखांनीच एका मुलाखतीत सांगितलं होतं, की बॅटरी संपत आली असेल तर लोक वाढीव भाडं जास्त सहज मान्य करतात. ही माहिती भाडं ठरवायला वापरत नाही, असंही कंपनीने तेव्हाच स्पष्ट केलं. वापरतात की नाही हा पुढचा वाद झाला. माहिती त्यांच्या हातात असते, एवढं त्यावरून कळतं.

कायदा काय म्हणतो

"व्यक्तीनुसार दर लावायला बंदी" असं एका ओळीत सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. पण हात रिकामे नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला नियम ४(११) पाठ करून ठेवा. बाजारातली परिस्थिती, सेवा किती आवश्यक आहे वगैरे पाहता असमर्थनीय ठरेल असा दर लावून अवाजवी नफा कमवायला तो मनाई करतो. त्याच्याच दुसऱ्या भागात एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करायला आणि त्यांच्या हक्कांवर परिणाम होईल असं मनमानी वर्गीकरण करायला मनाई आहे. एकाच गेटवर, एकाच मिनिटाला, एकाच प्रकारची गाडी मागणाऱ्या दोघी वेगळ्या वर्गातल्या कशा, हे मग कंपनीने सांगायचं.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि ऊबरला नोटीस काढली, तीही आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगळं भाडं दिसतं या तक्रारींवरून. दोन्ही कंपन्यांनी इन्कार केला. पण फोनच्या कंपनीवरून दर ठरतो का, हा प्रश्न सरकारने अधिकृतपणे विचारला, याला महत्त्व आहे. तुमच्या तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करा.

गर्दीच्या वेळच्या भाड्यालाही मर्यादा आहे. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचना मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जाऊ देतात, महाराष्ट्राच्या मे २०२५ च्या धोरणात ती मर्यादा दीडपट आहे. शेवटी वेगळी फी चिकटवून दर फुगवणं हे नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ॲपच्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत येतं. सुरुवातीला एक आकडा दाखवला आणि पैसे भरताना दुसरा निघाला, तर तक्रार त्याखाली करा. ती सिद्ध करायला जास्त सोपी असते.

युरोपात २०२२ पासून आणि न्यूयॉर्क राज्यात नोव्हेंबर २०२५ पासून, वैयक्तिक माहितीवरून दर ठरवला असेल तर ग्राहकाला तसं सांगावं लागतं. आपल्याकडे निदान एवढं तरी व्हायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

तुलना अशी करा

सगळा खटाटोप इथेच जिंकला किंवा हरला जातो, म्हणून घाई करू नका.

मानपाड्याहून एक मायलेकी आल्या होत्या. वडिलांना दवाखान्यात न्यायचं असतं, आणि आईच्या फोनवर भाडं कायम जास्त. मी दोन्ही फोनवरचा नकाशा बोटांनी मोठा करून पाहिला. मुलीची पिन, म्हणजे चढायच्या जागेची नकाशावरची खूण, सोसायटीच्या गेटवर होती, आईची घोडबंदर रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडली होती. म्हणजे गाडीला पुढे जाऊन यू-टर्न मारणं आलं. पिन हाताने गेटवर आणली आणि भाडं सारखं झालं. ही तक्रार तशीच गेली असती, तर कंपनीने एका ओळीत फेटाळली असती.

म्हणून पहिलं काम पिनचं. "सध्याचं ठिकाण" वर विसंबू नका, दोन्ही फोनवर चढायची आणि उतरायची जागा हाताने टाका. गाडीचा प्रकार एकच निवडा. पैसे भरायची पद्धत एकच ठेवा, कारण एखाद्या वॉलेटवर किंवा कार्डावर सूट असते. कूपन लागलंय का ते उघडून बघा आणि काढून टाका. सदस्यत्वाचा पास असेल तर तो फोन तुलनेत धरू नका.

मग दोघांनी एकदमच शोध घ्या. भाडं मिनिटामिनिटाला बदलतं, त्यामुळे पाच मिनिटांच्या अंतराने काढलेल्या दोन स्क्रीनशॉटना किंमत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा, वरचं घड्याळ दिसू द्या, आणि भाड्यावर दाबून तपशील उघडा: मूळ भाडं, वाढीव भाडं, प्लॅटफॉर्म फी, टोल. फरक नेमका कुठल्या ओळीत आहे ते तिथे कळतं. जमलं तर तिसऱ्या फोनने दोन्ही पडद्यांचा एकत्र व्हिडिओ घ्या, माझ्या अनुभवात याच्याइतका बोलका पुरावा नाही.

हाच प्रयोग गर्दीच्या वेळी आणि निवांत वेळी, वेगवेगळ्या दिवशी करा. एकदा हा फोन महाग, एकदा तो, असं निघालं तर दोष बहुधा बदलत्या दराचा. दर वेळी तोच फोन किंवा तेच खातं महाग पडत असेल, तर तक्रारीत दम आहे. पुढची पायरी म्हणजे खातं बदलणं. ज्या फोनवर भाडं जास्त दिसतं, त्यावर कमी भाडं दिसणारं खातं उघडा. भाडं उतरलं तर फरक खात्यामुळे, नाही उतरलं तर फोनमुळे असण्याची शक्यता जास्त.

मोजायला गजही हवा. मुंबई-ठाणे भागात फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. सहा किलोमीटरचे साधारण १०३ झाले. ॲपवर रिक्षा याच अंतराला किती मागते ते शेजारी लिहून ठेवा.

एक कळकळीची विनंती: ड्रायव्हरशी भांडू नका. तुम्हाला दिसणारा आकडा तो ठरवत नाही. उतरताना, "दादा, तुम्हाला यातले किती मिळतात?" एवढं विचारा. बरेच जण मनमोकळेपणाने सांगतात, आणि तुम्ही जास्त दिलेले पैसे त्यांच्यापर्यंत पोचले की नाही ते कळतं.

तक्रार

आधी ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. नाव आणि संपर्क ॲपवर देणं सक्तीचं आहे. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे नियमातच आहे. चॅटवरच्या "क्षमस्व" वर समाधान मानू नका, ईमेल करा. मी साधारण असा मजकूर लिहून देते:

"अमुक तारखेला, अमुक वेळी, एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या गाडीसाठी दोन खात्यांवर २१४ आणि २५१ रुपये भाडं दिसलं. रेकॉर्डिंग जोडलं आहे. हा फरक कोणत्या घटकांमुळे पडला? माझा फोन, माझे आधीचे प्रवास किंवा इतर वैयक्तिक माहिती त्यासाठी वापरली का? वापरली असल्यास कोणत्या संमतीच्या आधारे? ई-कॉमर्स नियम, २०२० च्या नियम ४(११) नुसार लेखी खुलासा करावा."

संमतीचा प्रश्न गाळू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांना मुख्य तरतुदींसाठी दीड वर्षाची मुदत आहे, त्यामुळे आज सगळा भार त्यावर टाकता येत नाही. पण प्रश्न लेखी विचारलेला असला की पुढे कामी येतो.

उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक लिहून घ्या. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं.

३७ रुपयांसाठी एकटं आयोगात जायला कोणी तयार होत नाही, ते मला कळतं. त्यासाठी ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम १७ वापरा. अनुचित व्यापारी प्रथेमुळे अनेक ग्राहकांचं नुकसान होत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी अथवा ईमेलने तक्रार करता येते. सोसायटीतल्या दहा-बारा घरांनी वर सांगितल्याप्रमाणे नोंदी केल्या, तारीख, वेळ, खातं, फोन, भाडं असा एक तक्ता केला आणि सह्यांसह पाठवला, तर त्याचं वजन वेगळं पडतं. तक्ता करायला अडचण आली तर शनिवारी वाचनालयात या. येताना दोन्ही फोन आणा, आणि त्यातली रेकॉर्डिंग डिलीट करू नका.