कोकणच्या वाऱ्यात काइटबोर्ड कुठला घ्यायचा

काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर बोर्डवर उभं राहून पाण्यावर पळायचा खेळ. त्यात हाय परफॉर्मन्स बोर्ड घ्यायचाय म्हटलं की लोक डायरेक्ट कार्बनवाला, कडक, भरपूर वाक असलेला फ्रीस्टाइल (उड्या-करामतींचा) बोर्ड बघायला लागतात. बोर्ड भारी असतो, प्रश्नच नाही, पण तो ज्या वाऱ्यासाठी बनवलाय तो वारा केपटाउनला किंवा स्पेनमधल्या तारिफाला असतो, 25-30 नॉट्स (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर). आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या चांगल्या दुपारी 12 ते 15 मिळाले की आपण खूश, 18 झाले की ग्रुपवर फोटो. त्यामुळे कोकणात परफॉर्मन्स म्हणजे उंच उडी नंतर, आधी कमी वाऱ्यात बोर्ड पाण्यावर उठला पाहिजे आणि जिथून निघालात तिथेच परत आणला पाहिजे, नाहीतर काइट गुंडाळून वाळूतून दोन किलोमीटर चालत या.

आधी वाऱ्याचा हिशोब, कारण बोर्ड त्यावरून ठरतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, हिवाळ्यात तर तो दुपारपर्यंत रेंगाळतो, तो तुम्हाला सरळ समुद्रात घेऊन जाणार, त्यात उतरायचंच नाही, बोर्ड कुठलाही असो. जमीन तापली की बारा-एकनंतर खारा वारा सुरू होतो, तीन-चारला भरात येतो आणि सूर्य कलला की उतरतो. त्याची दिशा बहुतेक वायव्येची, आणि आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे तो तिरका किनाऱ्याकडे येतो, म्हणजे सेफ. फेब्रुवारी ते मे हा खरा सीझन. मालवणकडे कुठल्याही रापणवाल्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या, काकांना विचारा, "दुपारी वारो भरतलो काय?" म्हटलं की ते क्षितिजाकडे बघून जे सांगतात ते बऱ्याचदा ॲपपेक्षा बरोबर निघतं. स्वतः बघायचं असेल तर लाटांच्या टोकांवर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला की साधारण 11-12 नॉट्सच्या पुढे गेलाय असं समजा. नुसतं सुरूच्या बनातून आवाज येतोय म्हणून काइटमध्ये हवा भरू नका, सुरू झुळकेलाही आवाज करतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 12 नॉट्सचे 17 झाले की ओढ जवळपास डबल. उलट बाजूने बघितलं तर 15 चे 12 झाले की एक तृतीयांशपेक्षा जास्त ताकद गेली. आपण नेमके याच पट्ट्यात खेळतो, म्हणून एक-दोन नॉट्स इकडेतिकडे झाले की कोणी मजेत फिरतो आणि कोणी पाण्यात बसून राहतो. वरून आपली हवा गरम आणि दमट. 33 डिग्रीची हवा 10 डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण 8-9 टक्के विरळ असते, तेवढी ओढ कमी. बाहेरच्या थंड देशातल्या कंपन्यांचे साइझ चार्ट बघताना हे धरून चाला, चार्टमध्ये दोन साइझच्या मधे अडकलात तर इथे मोठा घ्या.

साइझ. ट्विनटिप, म्हणजे दोन्ही बाजूंनी चालणारा नेहमीचा बोर्ड, त्याबद्दल बोलतोय. वजन 60 किलोच्या आसपास असेल तर 135-138 लांब आणि 40-41 सेंटीमीटर रुंद, 75 किलोला 138-142 आणि 42 च्या आसपास, 90 ला 145 च्या पुढे आणि 44-45. हे आपल्या वाऱ्याचे आकडे आहेत, 20 च्या वर रोज वाहणाऱ्या ठिकाणी राहत असतो तर सगळ्यातून चार-पाच सेंटीमीटर लांबी कमी केली असती. लोक लांबी विचारतात आणि रुंदी विसरतात, खरंतर कमी वाऱ्यात बोर्डला लवकर उचलते ती रुंदी. 138 बाय 43 हा 144 बाय 40 पेक्षा लवकर उठेल आणि पायाखाली फिरवायलाही सोपा. 10-12 नॉट्सवरसुद्धा खेळायचंच असेल, त्यातही वजन 85 किलोच्या पुढे असेल, तर सरळ लाइटविंड बोर्ड बघा, 150 च्या पुढे आणि 45 पेक्षा रुंद, त्याला आमच्यात दार म्हणतात. दिसायला बोजड, पण त्याच काइटवर तो तुम्हाला दोन-तीन नॉट्स आधी पाण्यावर काढतो. 12 चौरस मीटरचा काइट असताना 17 चा आणखी एक घेण्यापेक्षा मी आधी दार घेईन, मोठा काइट हळू वळतो आणि वारा पडला की धप्पकन पाण्यात.

पण हाच मोठा बोर्ड 20 नॉट्सला डोक्याला ताप. कड पाण्यात रुतत नाही, पुढचं टोक आपटत राहतं, पाणी तोंडावर, आणि ओढ थांबवताच येत नाही कारण कड हाच आपला ब्रेक असतो.

साइझइतकाच महत्त्वाचा रॉकर, म्हणजे टोकाकडून टोकाकडे असलेला वाक. सपाट बोर्ड लवकर उठतो, वाऱ्याविरुद्ध वर चढतो, वेग घेतो. जास्त वाकवाला बोर्ड पाणी ढकलत चालतो, त्याला ताकद जास्त लागते, पण उडीनंतर अलगद उतरतो आणि खवळलेल्या पाण्यात नाक खुपसत नाही. दुकानात किंवा कोणाच्या घरी बोर्ड बघायला गेलात तर फिन्स (बोर्डखालची छोटी पाती) काढायला सांगा, बोर्ड सरळ फरशीवर ठेवा, खाली बसा आणि टोकाखाली किती फट आहे ते बोटांनी मोजा. दोन बोर्ड शेजारी ठेवलेत तर फरक लगेच दिसतो, कॅटलॉग वाचायची गरज नाही. मग एक टोक चपलेवर टेकवून, दुसरं हातात धरून मधे गुडघ्याने दाबा. मधला भाग घट्ट आणि टोकं थोडी लवचिक असा बोर्ड आपल्याला बरा. टोकापासून टोकापर्यंत फळीसारखा ताठ असेल तर तो शांत पाण्यात मस्त उडवेल, पण आपल्याकडे चारनंतर वारा आणि भरती-ओहोटीचा प्रवाह समोरासमोर आले की पाणी बारीक बारीक खडबडीत होतं आणि तासाभरात गुडघे बोलायला लागतात. शांत पाणी हवं असेल तर खाडीच्या तोंडाकडे जावं लागतं, देवबागच्या संगमासारख्या जागी, पण तिथे ओहोटीची ओढ असते आणि बोटींची गर्दी, नवख्याने नकोच.

कार्बनबद्दल. हलका असतो, पटकन रिस्पॉन्स देतो, पण कार्बन आहे म्हणून बोर्ड लवकर उठत नाही, उठतो तो आकारामुळे. पॉलोनियाच्या लाकडाचा कोअर आणि त्यावर ग्लास फायबर असलेला साधा बोर्ड कोकणातल्या बहुतेकांना पुरून उरतो. वाचलेले पैसे काइटच्या नवीन लाइन्सवर (दोऱ्यांवर) घाला. वाऱ्याविरुद्ध सहज वर चढायला लागलात, दोन्ही बाजूंनी उडी जमली, अनहूक करायचं (काइटचा दांडा कमरेच्या पट्ट्याच्या हुकातून काढून नुसत्या हातांनी धरायचं) डोक्यात आलं, की मग ताठ बोर्ड आणि बूट. तोवर पॅड-स्ट्रॅपच बरे, पडलात की पाय आपोआप सुटतो.

फिन्स 4-5 सेंटीमीटरच्या येतात. शिकताना मोठ्या ठेवा, कड धरायला मदत होते.

सर्फबोर्डसारखा एकाच दिशेने जाणारा बोर्ड लाटांसाठी. तो पावसाळ्यात वापरू असं वाटतं खरं, नैऋत्येचा वारा तेव्हा दणकून असतो, पण तेव्हा तो समोरून येतो, किनाऱ्यावर लाट फुटत असते, जलक्रीडा बंद असते आणि जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असल्याने मदतीला होडीही सहसा नसते. फक्त पावसाळ्याच्या नावाने बोर्ड घेऊ नका. आणि हा ट्विनटिपच्या आधी तर नाहीच.

राहिला फॉइल, म्हणजे खाली दांडा आणि दांड्याला पाण्यातला पंख असलेला बोर्ड. खरं सांगायचं तर आपल्या वाऱ्याला सगळ्यात शोभणारी वस्तू हीच, 8-10 नॉट्सवर बोर्ड पाण्याच्या वर तरंगतो. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये काइटची रेस पहिल्यांदा झाली, मार्सेलला, तीही फॉइलवरच. पण 70 ते 90 सेंटीमीटरचा दांडा खाली लोंबतोय हे विसरू नका. गुडघाभर पाण्यात निघता येत नाही, ओहोटीला सपाट किनाऱ्यावर लांबपर्यंत चालत जावं लागतं, वाळूचा उंचवटा लागला की तोंडावर. आणि जाळी. रापण लावलेली असेल तर पाण्यावर बोयांची रांग दिसते, तिच्या आत जायचं नाही, फॉइल अडकला तर तुमचंही नुकसान आणि त्यांच्या दिवसभराच्या कष्टाचंही. फॉइल घ्याच, पण ट्विनटिपवर हात बसल्यावर, आणि सुरुवातीला आखूड दांडा लावून.

सेकंडहँड घेताना कडेवरून अंगठा फिरवत जा, केसासारखी भेग असेल तर तिथून पाणी लाकडात गेलेलं असतं. मग नाण्याने सगळ्या बोर्डवर टकटक करा, आवाज एकदम पोकळ झाला तर तिथे थर सुटलाय, सोडून द्या तो बोर्ड. स्ट्रॅपचे सगळे स्क्रू स्वतः काढून परत लावून बघा, एक जरी नुसताच गोल फिरत राहिला तर आतला इन्सर्ट गेलाय आणि ते काम घरी होत नाही. घेतल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, आणि सीझन संपला की स्क्रू काढून ग्रीस लावून ठेवा, नाहीतर खाऱ्या हवेत दिवाळीपर्यंत ते असे धरतात की ड्रिल लावावं लागतं.